एनरोल केलं, पुढे काय?

एक काम करा. फोन हातात आहेच, तर ईमेल उघडा आणि सर्चमध्ये 'वेलकम टू द कोर्स' असं टाइप करा. किती मेल सापडले?

माझ्याकडे अकरा सापडले. पायथन, फिल्म अप्रिसिएशन, डेटा जर्नलिझम, डिजिटल मार्केटिंग, स्पॅनिश आणि 'आनंदी कसं राहावं' असाही एक. यातले पूर्ण झाले किती? दोन. स्पॅनिशमध्ये मी 'ओला'च्या पुढे गेले नाही. आनंदी राहण्याच्या कोर्सचा दुसरा आठवडा राहून गेल्याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं, म्हणजे बघा!

यातले निम्मे कोर्स लॉकडाऊनमधले आहेत. आठवतंय ना, तेव्हा कॉलेज, क्लास, सगळं बंद होतं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज एक लिंक यायची, 'फ्री आहे, पटकन करून घ्या'. आपण पटकन करून घेतलं, म्हणजे एनरोल करून घेतलं. पुढचं मात्र राहिलं.

परवापर्यंत मला हा आपला आळस वाटायचा. पण हा लेख लिहायला घेतल्यावर कळलं की या अर्धवट कोर्सेसची गोष्ट बरीच मोठी आहे. आता तर तो नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या मार्कशीटवर या कोर्सेसचे क्रेडिट्स येणार आहेत. म्हणजे उद्या एखादा कोर्स अर्धवट सुटला, तर अडकणार तुमची डिग्री.

सुरुवात गप्पांनी झाली

मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स, म्हणजे 'मूक'. मराठीत हा शब्द ऐकला की आधी मुकेपणाच आठवतो. गंमत अशी, की ज्या कोर्सवरून हे नाव पडलं तो अजिबात मुका नव्हता.

साल २००८. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी एक कोर्स घेतला. फी भरून बसलेले विद्यार्थी होते साधारण २५. पण दोघांनी ठरवलं, दार उघडंच ठेवू, ज्याला यायचं त्याने इंटरनेटवरून फुकट यावं. आले किती? सुमारे २,२००. कोणी ब्लॉग लिहिले, कोणी चर्चा केल्या, कोणी एकमेकांचे मुद्दे खोडून काढले. कोर्सचा विषयही तोच होता, माणसं एकमेकांशी जोडली जाऊन कशी शिकतात. हा प्रकार बघून डेव्ह कॉर्मिए यांनी त्याला 'मूक' हे नाव दिलं.

त्याआधीही विद्यापीठाच्या भिंतीबाहेर शिकवणं होतंच. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलं होतं की आम्ही आमच्या कोर्सेसच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका सगळ्यांसाठी फुकट इंटरनेटवर टाकणार. आणि आपल्याकडे? घरी आईबाबांना विचारा. १९८४ मध्ये यूजीसीने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं होतं. माझ्या बाबांना अजून आठवतं, दुपारी टीव्ही लावला की कोणीतरी इंग्रजीतून पेशींबद्दल बोलत असायचं. "समजायचं का?" मी विचारलं. "काही समजायचं, काही नाही. पण टीव्ही चालू आहे म्हणून बसायचो," बाबा म्हणाले. मला माझे अकरा कोर्स आठवले.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. नोकरी करणाऱ्या, संसारात अडकलेल्या, शिक्षण सुटलेल्या कितीतरी लोकांना त्याने पदवीपर्यंत नेलं. म्हणजे 'घरबसल्या शिका' ही कल्पना आपल्याला नवी नाही. नवीन होती ती संख्या.

लाखाचा वर्ग

२०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी आपला आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स ऑनलाइन सगळ्यांसाठी खुला केला. नाव नोंदवलं १ लाख ६० हजार जणांनी! आपल्या कॉलेजचा सगळ्यात मोठा हॉल डोळ्यांसमोर आणा, त्यात पाचशे मुलं मावतात असं धरा. असे ३२० हॉल भरतील. शेवटपर्यंत पोहोचले सुमारे २३ हजार. त्याच सुमाराला तिथेच अँड्र्यू एनजी यांचा मशीन लर्निंगचा कोर्सही सुरू होता, त्यालाही लाखाच्या घरात विद्यार्थी.

मग काय, धडाकाच लागला. थ्रन यांनी 'युडॅसिटी' काढली. एनजी आणि डॅफ्नी कोलर यांनी २०१२ मध्ये 'कोर्सेरा' सुरू केली. त्याच वर्षी हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून 'एडएक्स' आणली. तिचे प्रमुख होते अनंत अगरवाल, मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी. त्यांच्या सर्किट्सच्या कोर्सला साधारण दीड लाख जणांनी नाव दिलं, पास झाले सात हजारांच्या आसपास. त्यात मंगोलियातला पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले आणि पुढे तो थेट एमआयटीत शिकायला गेला. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ ला 'मूकचं वर्ष' म्हणून टाकलं. आता विद्यापीठं बंद पडणार, जगातले उत्तम प्राध्यापक सगळ्यांना फुकट मिळणार, गरीब-श्रीमंत भेद मिटणार, असं तेव्हा किती जण बोलत होते!

मंगोलियाच्या त्या मुलाची गोष्ट खरी आहे. पण कोर्सला बसलेले बाकीचे कोण होते? २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोर्सेरावरच्या आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. ८० टक्क्यांहून जास्त जणांकडे आधीच कुठली ना कुठली पदवी होती. ज्यांना शिक्षणाचं दारच उघडं नाही त्यांच्यासाठी हे आहे असं आपण समजत होतो, आणि रांगेत पुढे उभे होते ते आधीच शिकलेले.

तीन टक्के

आता आपल्या अर्धवट कोर्सेसकडे येऊ. हार्वर्ड आणि एमआयटीच्या २०१२ ते २०१८ या काळातल्या सगळ्या ऑनलाइन कोर्सेसची आकडेवारी दोन संशोधकांनी तपासली आणि २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी कोर्स कधी उघडलाच नव्हता. २०१७-१८ मध्ये कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण होतं ३.१३ टक्के. म्हणजे शंभरातले तीन. आपण अकरातले दोन पूर्ण केले, तर आपण जगाच्या सरासरीपेक्षा हुशार ठरतो. घरी सांगायला हरकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सगळेच काही सर्टिफिकेटसाठी येत नाहीत. एखाद्याला एकच व्हिडिओ हवा असतो, तो बघून तो निघून जातो. लायब्ररीत पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही. शिवाय त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पैसे भरून, ओळख पटवून कोर्स घेणाऱ्यांमध्ये पूर्ण करण्याचं प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे ज्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं, तो जास्त टिकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपन्यांनी तो आपल्या आधी लक्षात ठेवला. फुकट व्हिडिओंवर धंदा चालेना, तेव्हा सर्टिफिकेटला पैसे आले. मग नोकरीच्या कौशल्यांचे छोटे कोर्स आले, मग थेट पदव्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स डिग्री सुरू केली. पूर्ण पदवीचा खर्च साधारण सात हजार डॉलर्स, म्हणजे तिथल्या नेहमीच्या फीच्या मानाने खूपच कमी. ती चालली, अजून चालते आहे. एडएक्स मात्र २०२१ मध्ये ८० कोटी डॉलर्सना 'टूयू' नावाच्या कंपनीने विकत घेतली आणि तीन वर्षांत त्या कंपनीवरच दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. जग बदलायला निघालेल्या गोष्टीचा असा बाजार झाला.

एक पत्र

या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जवळची वाटली ती २०१३ मधली एक घटना. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे स्टेट हे सरकारी विद्यापीठ. तिथल्या विद्यार्थ्यांची परिस्थिती हार्वर्डसारखी नाही. पैशांची तंगी होती म्हणून तिथे ऑनलाइन कोर्सेसचे प्रयोग चालले होते. युडॅसिटीबरोबर गणित आणि स्टॅटिस्टिक्सचे कोर्स घेतले, पहिल्याच फेरीत पास होणाऱ्यांचं प्रमाण वर्गातल्या मुलांपेक्षा बरंच कमी आलं आणि प्रयोग थांबवावा लागला. त्यानंतर थ्रन यांनीही एका मुलाखतीत मान्य केलं की आपला माल तितकासा चांगला नव्हता.

त्याच सुमाराला तिथल्या तत्त्वज्ञान विभागातल्या प्राध्यापकांना सुचवण्यात आलं की हार्वर्डचे प्रसिद्ध प्राध्यापक मायकेल सँडेल यांचा 'जस्टिस' हा ऑनलाइन कोर्स तुमच्या वर्गात वापरा. प्राध्यापकांनी नकार दिला आणि सँडेल यांना खुलं पत्र लिहिलं. त्यांची भीती साधी होती. उद्या दोन प्रकारची विद्यापीठं होतील. श्रीमंतांच्या मुलांसमोर खरा प्राध्यापक उभा असेल, बाकीच्यांना त्या प्राध्यापकाची व्हिडिओ मिळेल. सँडेल यांनीही उत्तरात ही काळजी योग्य असल्याचं मान्य केलं.

हे वाचताना मी कॅलिफोर्नियाचा विचार करत नव्हते. माझा मावसभाऊ आठवत होता.

'स्वयमवर करून घ्या'

तो एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या विभागातली एक जागा रिकामी आहे. दुसरीवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, एक मॅडम येतात. गेल्या वर्षी प्रोबॅबिलिटी शिकवायला कोणी नव्हतं. तेव्हा वर्गाला सांगण्यात आलं, 'एनपीटीईएलवर बारा आठवड्यांचा कोर्स आहे, तो करून घ्या, क्रेडिट मिळतील.'

इथे आपल्याकडची व्यवस्था थोडक्यात समजून घेऊ, कारण ती तुम्हाला लागणारच आहे. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. म्हणजे कोर्सेरा जन्मायच्या आधीच आपल्याकडे आयआयटीची लेक्चर्स फुकट उपलब्ध होती. इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्या परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्यावर तरून गेल्या आहेत. २०१४ पासून त्यावर असाइनमेंट, परीक्षा आणि सर्टिफिकेट असलेले कोर्स आले. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारचं 'स्वयम' सुरू झालं, ज्यात एनपीटीईएलसह यूजीसी, इग्नू, बंगळूरचं आयआयएम अशा संस्थांचे कोर्स एका छत्राखाली आले. आणि क्रेडिटचं म्हणाल, तर यूजीसीने २०१६ मध्ये नियम केला की सेमिस्टरमधले २० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतील. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्के झाली.

४० टक्के! पाच विषय असतील तर दोन. हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने बघितलं तर भारी आहे. तुमच्या कॉलेजात मानसशास्त्र नाही? स्वयमवरून करा. तुम्ही कॉमर्सचे आहात आणि तुम्हाला पुरातत्त्व आवडतं? बघा मिळतंय का. पण हाच नियम रिकाम्या खुर्चीच्या बाजूने बघितला की पोटात गोळा येतो. शिकवायला माणूस नाही ना, मग व्हिडिओ आहे की! अशाने ती जागा भरण्याची घाई कुणाला राहील?

मावसभावाला मी विचारलं, कोर्स कसा होता. तो म्हणाला, "ताई, सर एक नंबर शिकवतात गं. आमच्या कॉलेजात असं कोणी शिकवलं नसतं. पण मध्येच एक पायरी सुटली ना, की हात वर करून विचारायचं कुणाला? व्हिडिओ मागे घ्यायचा. सर परत तेच बोलणार, त्याच शब्दांत."

त्याच शब्दांत. मला वाटतं, सॅन होजेच्या पत्रात जे होतं ते माझ्या भावाने दोन शब्दांत सांगितलं. मूक कोर्समध्ये सर मुके नसतात. मुके आपण असतो.

पंचवीस अधिक सव्वीस बरोबर नापास

आता माझ्या होस्टेलमधली गोष्ट. माझ्या रूममेटनेही एक एनपीटीईएल कोर्स घेतला होता, क्रेडिटसाठीच. तिने एकही व्हिडिओ पूर्ण बघितला नाही. असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला एका ग्रुपवर यायची. आली की टिकमार्क करायचे, सबमिट, झोप. ग्रुप नसता तर एआय होतंच. मी तिला नावं ठेवत नाही, मी स्वतः जर्नल कशी पूर्ण केली आहेत ते मला माहीत आहे.

असाइनमेंटमध्ये तिला २५ पैकी २५ मिळाले. मग परीक्षा झाली. ती घरून द्यायची नसते, परीक्षा केंद्रावर जाऊन, समोर पर्यवेक्षक असताना द्यायची असते. तिथे ग्रुप नव्हता. तिला ७५ पैकी २६ मिळाले. बेरीज ५१. ती खूश, कारण चाळीसला पास असं आपलं डोकं चालतं. पण सर्टिफिकेट आलंच नाही. कारण नियम असा आहे की असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे हवेत. ती चार मार्कांनी गेली. मराठीत सांगायचं तर ऑनलाइन एटीकेटी. पुढच्या सेमिस्टरला नवा विषय, नवी परीक्षा फी, आणि मार्कशीटवर तेवढी जागा रिकामी.

त्या रात्री ती मेसमध्ये जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "यार, मी कुणाला फसवलं तेच कळत नाही." तिचा प्रश्न मी इथे तसाच ठेवते आहे.

बुधवारचा वर्ग

आणि मावसभाऊ? तो पास झाला. ६३ मार्क, 'एलिट' असं छापलेलं सर्टिफिकेट. कसं, ते सांगण्यासारखं आहे.

पहिल्या तीन आठवड्यांत वर्गातल्या बहुतेकांनी व्हिडिओ बघणं सोडून दिलं होतं. मग भाऊ आणि त्याचे चार मित्र लायब्ररीतल्या एका कॉम्प्युटरवर एकत्र बघायला लागले. व्हिडिओ थांबवायचे, भांडायचे, वहीत उदाहरण सोडवायचे, पुढे जायचे. अडलेलं एका कागदावर लिहून ठेवायचे. त्या सीएचबीच्या मॅडमना हे कळलं. त्यांचा तो विषय नव्हता, त्या तासाचे त्यांना पैसेही मिळणार नव्हते. तरी दर बुधवारी त्यांचे तास संपल्यावर त्या अर्धा-पाऊण तास या पाच जणांबरोबर बसायला लागल्या. "मलाही सगळं येत नाही, आपण मिळून बघू," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

परीक्षेचं केंद्र जिल्ह्याच्या गावी आलं. पाचही जण पहाटेच्या पहिल्या एसटीने गेले. मॅडमनी स्टँडवर फोन करून विचारलं, "आयकार्ड घेतलंय ना सगळ्यांनी?" भाऊ म्हणतो, "ताई, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्याला या विषयाला टीचर आहे."

पाचपैकी चार पास झाले.

आता आठवा, २००८ चा तो पहिला कोर्स. तिथेही लोक एकमेकांशी बोलत होते. पुढे लाखांचे आकडे आले तेव्हा ते बोलणं मागे पडलं. लायब्ररीतल्या त्या पाच जणांनी नकळत तेच परत सुरू केलं. पैसे भरलेला माणूस जास्त टिकतो असं तो अभ्यास सांगतो. माझ्या भावाने परीक्षेची फी भरली होती हे खरं, पण त्याला टिकवलं ते बुधवारने. बुधवारी मॅडम विचारणार, चौघं बघणार, मग मंगळवारी रात्री व्हिडिओ बघावाच लागतो.

म्हणून कोणी 'व्हिडिओ आहे, आता शिक्षक कशाला?' असं म्हणालं, तर त्याला या बुधवारबद्दल सांगा. व्हिडिओने शिक्षकाचं अर्धं काम केलं, हे मान्य करू. उरलेलं अर्धं करायला अर्ध्या पगाराचं माणूस तरी का असावं? पूर्ण पगाराचं का नको? ही मागणी आपणही केली पाहिजे. भरती हा काही फक्त प्राध्यापकांचा विषय नाही. त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलेले आपणच असतो.

आणि मराठी?

भावाच्या वर्गातल्या ज्या मुलांनी कोर्स सोडला, त्यातल्या बहुतेकांचं कारण एकच होतं. इंग्रजी. गणित अवघड नव्हतं, बोलणं समजत नव्हतं. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला एकदम आयआयटीचं इंग्रजी म्हणजे डबल परीक्षा.

यावर काही काम झालं आहे. एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सेसचं भाषांतर भारतीय भाषांमध्ये करण्यात आलं आहे, त्यात मराठीही आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, त्यातले अनेक मराठीतून ऐकता येतात. पण अख्खा कोर्स, असाइनमेंट आणि परीक्षा सगळं मराठीत, असं शोधायला गेलात तर हाती फार कमी लागतं. तुमच्यापैकी जे भाषा शिकताहेत, विज्ञान शिकताहेत, त्यांनी हे वाचून नुसतं हळहळू नये. हे काम आहे, आणि ते करायला माणसं लागणार आहेत.

मग करायचं की नाही?

करायचं. मी तर बारावा कोर्स घेतला आहे, माहिती अधिकारावरचा. या वेळी एकटीने घेतलेला नाही, इंटर्नशिपमधल्या दोघींना ओढलं आहे. आमचा बुधवार शनिवारी असतो, ऑफिसखालच्या टपरीवर. पहिल्या शनिवारी दोघींपैकी एकीने व्हिडिओ बघितला नव्हता, तिने कटिंगचे पैसे दिले. दुसऱ्या शनिवारी मी दिले. चौथा आठवडा चालू आहे. स्पॅनिशमध्ये मी एवढी लांब कधीच गेले नव्हते.

तुम्ही तुमचे किती मेल सापडले ते मोजलंत ना? आता त्यातला एक निवडा. एकच. आणि तो कोणाबरोबर करणार, त्याचं नाव आधी ठरवा.

क्रेडिटसाठी कोर्स घेताय? आधी हे बघा

● कोर्स घेण्याआधी कॉलेजमधल्या स्वयमच्या समन्वयकांना भेटा. हा कोर्स तुमच्या विद्यापीठात क्रेडिटसाठी धरला जातो का, हे लेखी विचारा. कोर्स संपल्यावर विचारून उपयोग नाही.

● एनपीटीईएलमध्ये चार आठवड्यांच्या कोर्सला १, आठ आठवड्यांच्या कोर्सला २ आणि बारा आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट असा साधारण हिशोब आहे.

● कोर्स फुकट असतो, पण सर्टिफिकेटसाठी परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याला फी असते. फॉर्मची शेवटची तारीख परीक्षेच्या बरीच आधी असते. कॅलेंडरमध्ये आजच टाका.

● बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. एखादा आठवडा आजारपणात गेला तर घाबरू नका. सगळे आठवडे दुसऱ्याच्या उत्तरांवर गेले तर मात्र घाबरा.

● असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. दोन्ही हवेत.

● परीक्षा केंद्र निवडताना एसटीची वेळ बघा. गमतीने सांगत नाही.

● परदेशी कोर्सेसमध्ये बऱ्याच ठिकाणी साहित्य फुकट बघता येतं, पैसे सर्टिफिकेटचे असतात. कोर्सेरावर फी परवडत नसेल तर मदतीसाठी अर्ज करायची सोय आहे. अर्ज मनापासून लिहा, कॉपी-पेस्ट नको.

● आणि अर्थातच, एक बुधवार शोधा.